वजन कमी करायचे तर ताट तेच ठेवा, ताटातले प्रमाण बदला

एप्रिल आला की आपल्या कार्यकर्त्यांचे घड्याळ बदलते. जयंतीच्या बैठका रात्री दहाला सुरू होतात आणि बारा-एकला संपतात. मधल्या वेळेत तीन-चार कप चहा, वडापाव नाहीतर समोसा, आणि घरी गेल्यावर झाकून ठेवलेला थंड भात. जयंती झाली की बुद्ध पौर्णिमा, मग वर्षावासातील ग्रंथवाचन, मग धम्मचक्र प्रवर्तन दिन, मग ६ डिसेंबर. वर्षभर हे असेच चालते. तिशीत पोट सुटते, पस्तिशीत रक्तदाबाची गोळी सुरू होते आणि चाळिशीत साखर निघते. ज्या वयात कार्यकर्त्याच्या अनुभवाचा चळवळीला खरा उपयोग व्हायचा, त्या वयात तो दवाखान्याच्या रांगेत उभा असतो.

मग कुणीतरी ओळखीचा वजन कमी करणाऱ्या शेकचा डबा घेऊन येतो. डब्याची किंमत दोन-तीन हजार, शिवाय 'तुम्हीही आमच्या साखळीत या' असा आग्रह. दुसरा मित्र मोबाईलवर पाहून सांगतो की भाकरी, भात, पोळी सगळे बंद करून पनीर, बदाम आणि लोणी खा. ज्याच्या घरात महिन्याचा किराणा मोजून येतो त्याने हे किती दिवस करायचे? पंधरा दिवसांत गाडी मूळ रस्त्यावर येते, आणि उतरलेले दोन किलो वजन तीन किलो होऊन परत येते.

वजन कमी करण्यासाठी लागणारे जवळपास सगळे आपल्या किराणा दुकानात आणि आठवडी बाजारात आहे. मटकी, मसूर, हरभरा, बेसन, सोयाबीन वडी, अंडी, पालेभाज्या, ताक आणि ज्वारी. ताट तेच ठेवायचे आहे, त्यातले प्रमाण मात्र बदलायचे आहे. ते कसे आणि कोणत्या पैशांत, हे या लेखात पाहू.

आधी कंबर मोजा

'मी तर बारीक आहे, मला कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचा अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, स्नायूही कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. बारीक दिसणारे पण चरबी जास्त असलेले हे शरीर आपण जन्मापासून घेऊन येतो. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

आईच्या पोटात असताना अन्न कमी मिळाले आणि मोठेपणी भरपूर मिळाले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. आपल्या समाजात आजी-पणजीने उपाशी दिवस काढले आणि पोटभर जेवणारी ही दुसरी नाहीतर तिसरी पिढी आहे. म्हणून हा प्रश्न आपल्याला जरा जास्तच लागू आहे. 'वजनाची चिंता श्रीमंतांनी करावी' ही समजूत आता सोडलेली बरी.

भारतीयांसाठी मोजमापही वेगळे आहे. जगभर २५ च्या पुढचा बीएमआय जादा वजन समजतात, आपल्याकडे डॉक्टर २३ पासूनच सावध करतात आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बीएमआय काढायचा कंटाळा असेल तर शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत हवी. पॅन्टचा नंबर यासाठी चालत नाही, कारण पॅन्ट आपण पोटाच्या खाली घालतो.

रेशनमुळे ताट कसे झुकते

ताटाकडे एकदा हिशोबाच्या नजरेने पाहा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. या धान्याने लाखो घरांची चूल पेटती ठेवली, त्याचे महत्त्व कमी लेखू नये. पण घरात जे फुकट येते त्याचाच ढीग ताटात होतो आणि जे विकत आणावे लागते ते चमचाभर पडते. भाताचा डोंगर, त्यावर पाण्यासारखे वरण, बाजूला बटाट्याची भाजी. बटाटाही पुन्हा पिष्टच. असे ताट जेवले की पोट गच्च भरते आणि तीन तासांत पुन्हा भूक लागते, मग चहा-बिस्किट.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यात २,००० कॅलरींच्या दिवसाचे ताट असे आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाण्यासारखे तेलबियांचे दाणे ३५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम. ही सगळी वजने कच्च्या जिन्नसांची आहेत. आता आपल्या घरी चार माणसांत रोज किती डाळ शिजते ते आठवा. या हिशोबाने पाऊण वाटीच्या जागी अडीच-तीन वाट्या कोरडी डाळ किंवा कडधान्य लागेल. भाजी माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना दीड किलोच्या वर.

मग पैसे कुठून आणायचे? रस्त्यावर खर्च होणाऱ्या पैशांतून. एक वडापाव आणि दोन चहा यांना आज गावागणिक ३५ ते ४० रुपये जातात. वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात आणि प्रथिने अगदी थोडी. तेवढ्याच पैशांत दोन अंडी, मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम सोयाबीन वडी आणि पालेभाजीची एक जुडी येते. दुसरा पैसा तेलातून वाचतो. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे मोठा एक चमचा तेल सुमारे १२० कॅलरी, जवळजवळ एका पोळीहून जास्त. फोडणीला पळीने तेल घालायची सवय मोडून चमच्याने घालू लागलात, तर चार माणसांच्या घराला महिन्याला तीन लिटरच्या आत तेल पुरते. महिन्याच्या पहिल्या तारखेला पिशवी कापताना कॅनवर तारीख लिहून ठेवा. तेल किती दिवसांत संपले ते कळेल, वाद घालायला नको.

चहाबद्दलही बोलू. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. चहा सोडायला मी कुणालाच सांगत नाही, चळवळीत ते शक्यही नाही. कप दोनवर आणा, साखर अर्धा चमचा करा. पहिले दहा दिवस चहा बेचव लागतो, मग जुना चहाच गोड-गोड वाटू लागतो.

प्रसेनजित राजाचा शेवटचा घास

संयुत्तनिकायात कोसलसंयुत्तामध्ये दोणपाक सुत्त नावाचे छोटे सुत्त आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित रोज द्रोणभर भाताचे जेवण जेवत असे. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भोजनातील मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायची सोय केली. त्यासाठी तो त्याला रोज शंभर कहापण देत असे. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर भातावर आले, शरीर हलके झाले.

अट्ठकथेत या गोष्टीचा जो तपशील येतो तो मला फार कामाचा वाटतो. राजाने शेवटचा घास हातात घेतला की गाथा म्हणायची. राजा तो घास ठेवून देई. त्या घासात किती शिते आहेत ते पाहून दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. एका दिवसात अर्धे जेवण तोडले नाही, रोज एक घास कमी केला. आजचा कोणताही आहारतज्ज्ञ याहून वेगळे सांगणार नाही.

आपल्या घरी हे करायचे तर घास मोजायची गरज नाही, वाटी मोजा. ज्या घरात जेवणाऱ्या माणसाला अडीच वाट्या भात लागतो तिथे पहिल्या आठवड्यात दोन वाट्या करा, तिसऱ्या आठवड्यात दीड, पुढे एक. तीन भाकऱ्या असतील तर अडीच, मग दोन. जेवढे धान्य कमी कराल तेवढी उसळ आणि भाजी वाढवा, नाहीतर भूक राहील आणि प्रयोग मोडेल. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरले तरी ते उत्तम आहे. महिन्यात दहा किलो उतरवण्याचे जे दावे होतात त्यात बरेचसे पाणी आणि स्नायू जातात.

काही जण विचारतात, पौर्णिमेला अष्टशील पाळताना दुपारनंतर जेवत नाही, तेच रोज केले तर? उपोसथाचा हेतू वेगळा आहे, त्याला वजनाच्या काट्याला बांधू नये. पण रात्रीचे जेवण लवकर, आठच्या आत घेण्याचा फायदा होतो हे खरे. बैठक दहाला असेल तर जेवून जा. बाराला घरी येऊन जेवू नका.

आता स्वयंपाकघरात

दिवसाची सुरुवात पोह्यांनी किंवा चहा-खारीने करू नका, असे सांगितले की घरातले विचारतात, मग काय करू? सर्वांत सोपे म्हणजे मोडाची उसळ. रात्री आठ तास भिजवलेली मटकी सकाळी निथळून कापडात बांधून ठेवा, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आणि थंडीत दुसऱ्या दिवशी मोड येतात. वाटीभर मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, दोघांचे दोन दिवसांचे काम होते. एक चमचा तेलात मोहरी, कांदा, लसूण, हळद, तिखट, मग मटकी आणि थोडे पाणी, वरून लिंबू. तर्री नको. मिसळीतून फरसाण आणि तर्री काढली की जे उरते ते खरोखर चांगले अन्न आहे. सोबत एक पोळी किंवा अर्धी भाकरी. ज्या दिवशी उसळ नसेल त्या दिवशी दोन उकडलेली अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि सत्तरच्या आसपास कॅलरी असतात. बलक फेकू नका, पैसे त्याचेही दिले आहेत आणि जीवनसत्त्वेही त्यातच आहेत.

पोहेच हवे असतील तर पोहे निम्मे आणि मटार, गाजर, कांदा, मूठभर मोडाचे मूग निम्मे. साबुदाणा खिचडीला मात्र नाश्त्याच्या यादीतून काढा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर शेंगदाणा आणि तेल. उपवासाचा पदार्थ म्हणून तो हलका समजला जातो, प्रत्यक्षात ती सर्वांत जड खिचडी आहे.

दुपारी ज्वारीची भाकरी. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे १७० कॅलरी असतात, पण गावाकडची मोठी भाकरी ८०-१०० ग्रॅमचीही होते. एकदा आपल्या घरच्या भाकरीचे पीठ किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पाहा, डोळे उघडतात. लहान दोन भाकऱ्या, दीड वाटी घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर पालेभाजी आणि कांदा-काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. जेवणाची सुरुवात कोशिंबिरीने आणि भाजीने करा, भाकरी नंतर तोडा. आपोआप अर्धी भाकरी कमी लागते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि कोकण इथल्या वाचकांनी भाकरीचा हट्ट धरू नये. तिथे भात हेच अन्न आहे आणि भाताशी भांडून काही होत नाही. एक वाटी शिजलेला भात, दोन वाट्या डाळ-भाजी असे ठेवा. खिचडी करताना तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घालतो, ती एकास एक करा. मुगाची किंवा मसुराची डाळ आणि दुधी, पालक, गाजर जे असेल ते त्यात टाका. एका भांड्यात जेवण होते आणि गॅसही वाचतो.

मसूर या लेखातला माझा आवडता जिन्नस आहे. भिजवावा लागत नाही, लवकर शिजतो, अख्खा मसूर भाकरीबरोबर मटणाच्या रश्श्याइतका चवीचा लागतो. कुळीथ तर त्याहून विसरला गेला आहे. त्याचे माडगे किंवा पिठी, सोबत एक भाकरी आणि कांदा, हिवाळ्यातले रात्रीचे पूर्ण जेवण. पिठले आणि झुणका यांत निवड करायची वेळ आली तर पातळ पिठले घ्या, कारण झुणक्याला मोकळा होण्यासाठी तेल लागते. पिठल्यात मेथी किंवा शेवग्याचा पाला घाला.

सोयाबीन वडीबद्दल उगाच नाके मुरडली जातात. कोरड्या १०० ग्रॅम वडीत सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात. किलोचा भाव शंभर ते दीडशे रुपयांच्या घरात, म्हणजे प्रथिनांच्या हिशोबाने याहून स्वस्त वस्तू बाजारात क्वचितच. गरम पाण्यात मीठ घालून दहा मिनिटे भिजवा, दोन-तीनदा घट्ट पिळा, पिळल्याशिवाय तो उग्र वास जात नाही. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. एका माणसाला एका वेळी ३० ग्रॅम पुरे.

पाच वाजता भूक लागते तेव्हा फुटाणे, शेंगदाणे नव्हेत. दोन्ही चांगले, पण मूठभर शेंगदाण्यांत दीड-पावणेदोनशे कॅलरी जातात आणि हात एका मुठीवर थांबत नाही. तेवढ्याच फुटाण्यांत सुमारे ११० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने. सोबत पेलाभर पातळ ताक. फळ घ्यायचे तर पेरू, पपई, केळे, जे हंगामात स्वस्त मिळेल ते. रस काढून पिऊ नका.

रात्री दुपारपेक्षा कमी. एक भाकरी, सोयाबीनचा रस्सा किंवा पिठले, आणि भाजी. वर सांगितलेल्या पद्धतीने दिवस काढला, तर दोन कप चहा धरून साधारण १,६०० कॅलरी आणि ६० ते ६५ ग्रॅम प्रथिने होतात. बैठे काम करणाऱ्या बहुतेक तरुणांचे वजन एवढ्यात हळूहळू उतरते. बांधकामावर, शेतात किंवा डिलिव्हरीचे काम करणाऱ्याला यात एक-दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ वाढवावी लागेल. त्याने हे ताट जसेच्या तसे उचलू नये.

मांसाहाराचे काय?

हा लेख मुख्यतः शाकाहारी जेवणाबद्दल आहे, पण त्यामागे शुद्ध-अशुद्धतेचा कसलाही विचार नाही. कुणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण चांगली ओळखतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाची खाद्यसंस्कृती नोंदवली आहे, ती तरुणांनी जरूर वाचावी. इथे डाळी-कडधान्यांवर भर आहे तो खर्चामुळे, चोथ्यामुळे, आणि रोज करता येते म्हणून. आठवड्यातून एक-दोनदा चिकन किंवा मासे खात असाल तर खा. तुकडे खा, वरची तेलाची तर्री चमच्याने काढा, आणि 'आज मटण आहे' म्हणून भात दुप्पट करू नका. सुकट, जवळा, बोंबील यांत भरपूर प्रथिने आहेत, पण मीठही आहे. रक्तदाब असेल तर दोन-तीन पाण्यांत धुऊन आणि वरून मीठ न घालता.

आणि 'आपले जुने जेवणच चांगले होते' हेही अर्धेच खरे. आंबाडी, घोळ, तरोटा, कण्या-ताक हे पदार्थ उत्तम आहेत, पुन्हा करावेत. पण त्या चुलीवर तेल कमी होते ते परवडत नव्हते म्हणून, आणि कामही ढोरमेहनतीचे होते. उपासमारीला आहारशास्त्र म्हणायचे कारण नाही.

खोलीवर आणि मेसवर राहणारे

पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींची अडचण वेगळी आहे. दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीवर, मेसच्या डब्यात चार पोळ्या, भाताची मूद, तेलात पोहणारी भाजी आणि तळाला डाळीचे चार दाणे. डबा बदलणे हातात नसते. पण चारपैकी दोन पोळ्या ठेवता येतात, भाजीचे तेल डब्याच्या झाकणात निथळता येते, आणि जे कमी आहे ते बाहेरून भरता येते. विजेच्या किटलीत अंडी उकडतात. मोडाचे मूग डब्यात ठेवून कांदा-लिंबू घालून खाता येतात. फुटाण्यांची पुडी बॅगेत राहते. तिघे-चौघे एका खोलीत असाल तर एक छोटा कुकर घ्या आणि रोज संध्याकाळी फक्त मसूर किंवा हरभऱ्याची उसळ करा, बाकी मेसचे. दर पन्नास मिनिटांनी उठून जिना उतरून परत चढा. रात्री तीनपर्यंत जागून सकाळी नाश्ता टाळणे हा अभ्यास नाही. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि हात गोड-तेलकटाकडेच जातो.

बहिणींसाठी वेगळे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते. म्हणजे वजन जास्त आणि रक्त कमी, हे एकाच बाईच्या शरीरात असू शकते. घरात ती शेवटी जेवते, तोवर उसळ संपलेली असते आणि भात-पोळी उरलेली असते. उरलेले टाकवत नाही म्हणून तेही तीच खाते. तिला 'कमी खा' सांगणे म्हणजे उलटा उपाय. तिच्या वाटणीची उसळ आणि भाजी आधी काढून ठेवली पाहिजे, आणि हे काम घरातल्या पुरुषाने करावे. पालेभाजी आणि कडधान्यावर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते, जेवणाबरोबर चहा घेतला की वाया जाते. चहा तासभराने घ्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन कमी करण्याच्या नादी लागू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, औषध तेच ठेवून भात कमी केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी आणि सोयाबीन डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. अंडी, दूध, मासे काहीच न घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावे. काही न करता वजन आपोआप उतरत असेल तर आनंद मानू नका, तपासणी करा.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे दोन उद्दिष्टे होती, वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालायचे. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. सहा महिन्यांत सहज होईल असे काम आहे.

भोजनदानाचे ताट

शेवटी विहारांच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी. आपल्याकडे भोजनदानाची मोठी परंपरा उभी राहिली आहे. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, जयंतीला वस्तीवस्तीत लोक श्रद्धेने जेवण वाटतात. बहुतेक ठिकाणी पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि बुंदी असते. सोपे पडते, टिकते, हे मान्य. दूरच्या प्रवासाने थकून आलेल्या माणसाला ताटभर पोट भरेल असेच जेवण द्यावे, त्याला वजनाचे गणित सांगू नये. पण महिन्याच्या पौर्णिमेला विहारात जे शंभर-दीडशे लोक जमतात, तेच ते असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशात साखरेची गोळी असते. तिथे बदल करता येईल.

शंभर माणसांसाठी चार किलो मटकी किंवा हरभरा आदल्या दिवशी भिजत घाला. सहा किलो तांदूळ, पंधरा किलो भाजी, म्हणजे कोबी, गाजर, दुधी, पालक, जे स्वस्त असेल ते. कोशिंबिरीला आठ किलो काकडी-टोमॅटो-कांदा आणि पन्नास लिंबे. तेल दीड लिटर, पातेल्याजवळ मोजूनच ठेवायचे. बुंदीऐवजी केळी. पुरीचे तळण गेले की तेलाचा डबा वाचतो, आणि त्या पैशांत मटकी व केळी बसतात. उसळ दुपारी एकच्या जेवणासाठी अकराला तयार ठेवा, त्याआधी नको, कारण मे महिन्याच्या उन्हात मोडाची उसळ चार तासांत आंबते.